खालून वर वाचलेली पत्रिका

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरला एकदाचं "हो" म्हटलं आणि घरात महाभारत सुरू झालं.

कितीतरी दिवसांपासून तो पडद्याच्या कोपऱ्यात येऊन विचारत होता, अपडेट करू का, अपडेट करू का. मी रोज "नंतर" दाबायची. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, सणाच्या स्वयंपाकानं पाठ मोडली होती, आणि या चिकट मध्यस्थाला कायमचं गप्प करावं असं वाटलं. केलं. तो बराच वेळ गोल गोल फिरत बसला, मग चालू झाला. मी पाणी प्यायला आत गेले आणि परत येते तर पडदा काळाकुट्ट. पुन्हा चालू केला. थोडा वेळ चालला, पुन्हा बंद. ना सूचना, ना निरोप. रुसलेला जावई भरल्या ताटावरून उठून जातो तसा.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान अजून तिखट.

"काय केलं व तुनं त्याले?"

"काही नाही मामाजी. अपडेट केलं फक्त."

"कायले? चांगलं चालून राह्यलं होतं ना?"

 जगातल्या कुठल्याच अपडेटला या प्रश्नाचं उत्तर देता आलेलं नसावं.

आर्णीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. होतं म्हणावं लागेल, कारण आता त्यात ऑनलाइन अर्ज भरणं, झेरॉक्स आणि वाढदिवसांचे फ्लेक्स हेच जास्त. पत्रिका मोबाईलवर फिरतात. आमच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मामाजींनी मागितली ती एकच गोष्ट. ना नवा सदरा, ना मानाचं पागोटं. म्हणाले, "नातीची पत्रिका मी जुळवीन. माह्या हातानं, माह्याच मशीनवर." टाइप करणं त्यांना कधी म्हणताच आलं नाही. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवण्यात त्यांचं तरुणपण गेलं, म्हणून अजूनही सगळं जुळवणंच.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून मामाजी त्या कॉम्प्युटरसमोर बसलेच नव्हते. हात थरथरतो, डोळे साथ देत नाहीत, असं सांगायचे. म्हणून त्यांनी आपण होऊन मागितलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आणि पत्रिका नवी करायचीच नव्हती. मशीनमधे माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका होती, एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात उतरवत जपलेली. मामाजींनी जुळवलेली, आत्याबाईंनी तपासलेली. तीच उघडायची आणि नावं बदलायची. "तिनं पायलेलं प्रूफ हाय ते," मामाजी म्हणाले. "त्यात चूक नसन."

आणि मी नेमकं ते मशीन बंद पाडलं होतं. यवतमाळच्या प्रेसनं रविवारपर्यंत मजकूर मागितला होता. व्याही घाई करत होते. माझ्या नवऱ्यानं स्पष्ट सांगितलं, "रविवारपर्यंत चालू नाही झालं तं नागपूरहून करून आणू. बाबांची समजूत मी काढतो." म्हणजे मीच काढायची, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

नवऱ्याचा उपाय सगळ्या नवऱ्यांचा असतो तोच. बंद कर, चालू कर. तो करून झाला. मग त्यानं कॅबिनेटवर दोन थापा मारल्या आणि सोयाबीन काढायला शेतावर निघून गेला. मी यवतमाळला फोन लावला, हे मशीन ज्यानं जोडून दिलं त्याला. तो म्हणाला, "मॅडम, सकाळपासून हेच चालू हाय. सगळ्यांचं अपडेटनंच बिघडून राह्यलं. ते अपडेट काढून टाका. मी सोमवारी येतो." सोमवार आमच्या काय कामाचा? त्यानं सांगितलं तसं मी अपडेट काढायला बसले. निम्म्यावर जायचं आणि मशीन बंद. पुन्हा चालू केलं की ते आधी स्वतःची विचारपूस करत बसायचं, मग मला आत घ्यायचं, आणि मी काढायला घेतलं की पुन्हा अंधार. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मोजत बसले असते तर मशीन रस्त्यावर फेकलं असतं.

मामाजी दर चहाला टोमणा मारायचे. "आपल्या शिशाच्या खिळ्यांले कोनी अपडेट नाही केलं कधी." मी ऐकून घ्यायची. मुलीचा पुण्याहून फोन आला, "आई, सोड ना. मी मोबाईलवरच मस्त करते, गाणं टाकून." तिला काय सांगू? तुझ्या आबाजींना गाणं नको आहे, खिळे हवे आहेत.

पडदा काळा झाला की त्यात माझंच तोंड दिसायचं आणि मागचं दुकान. ते बघत बसलं की सगळं आठवत राहायचं.

मी बाभुळगावची. लग्न होऊन आले तेव्हा दुकानात पहिला कॉम्प्युटर नुकताच आलेला. त्याला गुलाबी झालर लावलेलं कव्हर होतं, माझ्या रुखवतातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा देखणं. आत जाताना गिऱ्हाईक चपला बाहेर काढायचं. वीज गेली की बॅटरी कुईकुई ओरडायची आणि मामाजी "सेव कर, सेव कर" असं स्वतःलाच सांगत धावायचे. मामाजींनी कॅबिनेट पहिल्या दिवसापासून आडवं झोपवलं. खिळ्यांचे खण आडवे असायचे, मग हे कशाला उभं? "उभं ठेवलं का पडते." त्यानंतर कितीही मशीनं बदलली तरी प्रत्येकाला आमच्याकडे आडवंच व्हावं लागलं.

मामाजी जुळवायचे आणि आत्याबाई तपासायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पत्रिका हातात घेतली की त्या वेगळ्याच बाई व्हायच्या. स्टुलावर बसून, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि वाचायच्या खालून वर. सगळ्यात शेवटची ओळ आधी, गणपती शेवटी. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. त्या म्हणाल्या, "वरून वाचलं का मन आपल्याच मनानं पुढं पयते. जे नाही ते बी वाचते. खालून वाचलं का त्याले धरून ठेवता येते." नंतर मीही तसंच वाचायला शिकले. अजून वर्तमानपत्रसुद्धा मी चुकून खालून सुरू करते.

पत्रिका म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. लग्न दोन दिवसांत आटपायचं, पत्रिकेतली भांडणं जन्मभर पुरायची. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर. नवरदेवाच्या आत्याचा नवरा तिसऱ्या ओळीत गेला म्हणून तो मांडवात जेवला नाही, दूधसुद्धा घेतलं नाही. बंजारा तांड्यावरची माणसं आली की तांड्याच्या नायकाचं आणि कारभाऱ्याचं नाव वरच हवं, मग नवरदेवाचा बाप खाली गेला तरी चालेल. आणि सगळ्यात खाली घरातल्या पोरांची नावं, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" त्या ओळीत शेजारचीसुद्धा पोरं घुसायची. आत्याबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. "लेकराचं नाव राह्यलं का माय रुसते," म्हणायच्या. प्रूफ तपासून झालं की गिऱ्हाइकाकडून कोपऱ्यात सही घ्यायची, "प्रूफ पाहिले, बरोबर आहे." मग चूक निघाली तर तुमची तुम्ही.

एकदाच मोठा घोटाळा झाला. आत्याबाई माहेरी मारेगावला गेल्या होत्या, प्रूफ कुणी पाहिलं नाही, आणि गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावायचं "कै." एका धडधाकट माणसाच्या नावाला लागलं. छापून वाटून झाल्यावर तो गृहस्थ गाडीवरून तणतणत दुकानात आला. तोवर आत्याबाई परतल्या होत्या.

"वाचा! वाचा हे! मेलो म्हनते मी पत्रिकेत! मी जिता हाय का नाही?"

 आत्याबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा टाकला. म्हणाल्या, "बसा भाऊ. मेल्याची आवई उठली का मानसाचं आयुष्य वाढते म्हनते. तुमचं वाढलं आता." तो हसला. चहा पिऊन गेला. आणि आयुष्य खरंच वाढलं म्हणायचं, अजून बाजारात दिसतो, काठी टेकत. त्यानंतर मामाजींचा नियमच झाला. पत्रिका हातात आली की आधी "कै." शोधायचे, कुणाला आहे, कुणाला नाही, दहादा विचारायचे. त्या एका अक्षराची त्यांनी जन्मभर धास्ती घेतली.

हे सगळं आठवत मी शनिवारी सकाळी पुन्हा मशीन चालू केलं. रात्रभर बंद होतं, म्हणून की काय, चांगलं बराच वेळ चाललं. मला वाटलं, पावलं. मग बंद. लगेच चालू केलं तर या वेळी लवकर बंद. पुन्हा केलं तर त्याहून लवकर. यवतमाळच्या त्या मशीनवाल्याला फोनवर विचारून मी ते नुसतं मोजक्या गोष्टींवर चालवून पाहिलं, त्याच्या भाषेत सेफ मोड. त्यातही तेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अपडेटचा दोष असता तर अपडेटला बाजूला ठेवल्यावर मशीन चाललं असतं. आणि सकाळी थंड असताना ते जास्त कसं टिकतं?

आत्याबाई मशीन चालू असताना येता-जाता त्यावर तळहात ठेवायच्या, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "आज गरम लागून राह्यलं," म्हणायच्या आणि पंखा तिकडे वळवायच्या. मी तसा हात ठेवला. चटका बसला. आणि हात ठेवल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली, की आवाजच नाही. या मशीनची एक घरघर असायची, आत्याबाई म्हणायच्या म्हैस रवंथ करते. चार दिवस मी पडद्याशी भांडत होते, आणि म्हैस गप्प आहे हे मला कळलंच नव्हतं.

मी वायरी काढल्या, ते निवू दिलं, स्क्रू काढले आणि वरचं झाकण उचललं.

आतल्या पंख्यात अक्षता होत्या. कुंकवात भिजवलेल्या, वाळून घट्ट चिकटलेल्या. पात्यांमधे झेंडूच्या पाकळ्या आणि मधोमध एक तांदूळ पाचरीसारखा बसलेला. पंखा बोटानंही हलेना. आडव्या कॅबिनेटची जाळी आभाळाकडे, आणि तिच्या बरोब्बर खाली तो पंखा. दसऱ्याच्या पूजेला मशीन बंद होतं, त्यामुळे पडल्या त्या सरळ आत पडल्या. दुसऱ्या दिवशी मी अपडेट केलं. अपडेटचा दोष एवढाच, की ते पूजेनंतर आलं.

दसऱ्याची पूजा आमच्याकडे आत्याबाई करायच्या. कॉम्प्युटर, प्रिंटर, कागद कापायचं मशीन आणि खिळे जुळवायची जुनी लोखंडी पट्टी. सगळ्यांना हळदकुंकू, फूल, आपट्याचं पान. पण कॉम्प्युटरवर त्या आधी एक धुतलेला टॉवेल अंथरायच्या, चार पदरी, आणि फुलं-अक्षता त्यावर. मला वाटायचं, देवाला वस्त्र घालतात तसं हे मशीनला. वीस-बावीस दसरे मी ते पाहिलं आणि हात जोडले. त्या जाळी झाकत होत्या, हे झाकण उघडल्यावर समजलं. गेल्या दसऱ्याला त्यांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं, म्हणून पूजा नव्हती. यंदा मी चुलीपाशी अडकलेली, म्हणून मामाजींनी एकट्यानं केली. नारळ फुटल्याचा आवाज मी आतून ऐकला होता.

चार दिवसांचे टोमणे माझ्याकडे जमा होते. एकेक व्याजासकट परत करायचा, असं ठरवूनच मी त्या लाल अक्षता तळहातावर घेतल्या आणि दाराशी गेले.

"हे पाहा मामाजी. अपडेट."

त्यांनी माझा हात जवळ ओढून पाहिलं. अक्षता बोटानं हलवल्या. मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील.

"टावेल टाकाचा राह्यला," ते म्हणाले. "ती टाकत होती. मले सुचलंच नाही."

मी अक्षतांवर मूठ मिटली. टोमणे जमाच राहिले. खरं सांगते, इतकं वाईट मला त्या दीड वर्षात कधी वाटलं नव्हतं. तेराव्याला माणसांच्या गर्दीत रडून घेतलं होतं. पण घरातलं माणूस गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, ते त्या चार पदरी टॉवेलात होतं.

मामाजी उठले, आत गेले आणि स्वतःचा दाढीचा ब्रश घेऊन आले. त्यानं आम्ही पंखा साफ केला. मी तांदूळ सुईनं उकरायची, ते ब्रश फिरवायचे. एकही दाणा कचऱ्यात टाकू दिला नाही, सगळे तुळशीत टाकले. झाकण लावलं, वायरी जोडल्या. मशीन घरघरलं. म्हैस रवंथ करायला लागली आणि थांबली नाही. अपडेट आता तसंच राहू दिलं. बिचाऱ्यानं उगाच शिव्या खाल्ल्या होत्या.

संध्याकाळी मामाजी खुर्चीत बसले. मी फाईल उघडून अक्षरं मोठी करून दिली. केळीचे खांब, गणपती, नणंदेच्या लग्नाची सगळी थाटाची वाक्यं जशीच्या तशी. दोन बोटांनी, एकेक कळ शोधत ते कामाला लागले. सुरुवात त्यांनी खालून केली. मी मनात हसले. आत्याबाईंची सवय.

सगळ्यात खालच्या ओळीत, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" म्हणणाऱ्या पोरांमधे पहिलं नाव माझ्या मुलीचं होतं. तेव्हा ती रांगत होती. मामाजींनी ते नाव तिथून उचललं आणि वर मधोमध, मोठ्या अक्षरांत, नवरीच्या जागी नेऊन ठेवलं. मग माझ्याकडे वळून पाहिलं.  रांगणारी पोर एका ओळीतून उठून दुसऱ्या ओळीत जाऊन बसली होती.

असं करत ते वर वर सरकले. मामा, काका, स्थळ, वेळ. "कन्या" खोडून "नात" केलं. राहिली होती वरची एक ओळ, "सौ. आणि श्री.", त्यांची दोघांची. तिथे येऊन हात थांबला.  मग मला कळलं, की खालून सुरुवात कशासाठी होती.

मामाजी खुर्चीतून उठले.

"एवढं तू जुळव."

मी बसले. चार दिवस ज्या माणसानं "माह्या हातानं, माह्याच मशीनवर" असा हट्ट धरला होता, तो माझ्या पाठीमागे उभा होता. एकच अक्षर वाढवायचं होतं, "सौ." च्या आधी. आणि एक टिंब. जुळवताना वाटलं, त्या गृहस्थासारखं कुणीतरी आता तणतणत दारातून आत यावं आणि म्हणावं, वाचा हे, मी जिती हाय का नाही? मी चहा टाकला असता.

प्रूफ काढलं. मामाजींनी ते दिव्याखाली धरलं आणि बोट ठेवून वाचायला लागले, खालून वर. पोरांची ओळ, मामा, काका, स्थळ, वेळ, नवरी. वरच्या ओळीशी बोट आलं तेव्हा त्यांनी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली, कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. जन्मभर ज्या अक्षराची धास्ती घेतली, ते नीट तपासत होते.

"बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले. "पयल्यांदा वाटून राह्यलं व, का चूक निंगावी."

मग त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतला, आणि गिऱ्हाइकानं करायची असते ती सही, प्रूफाच्या कोपऱ्यात, स्वतः केली.